आप्पांच्या पहाटेच्या चहासाठी विजेची केटली घ्यावी का?

गोडोलीची लेक (सातारा)

आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीला विश्रामबागेत राहतात. वय ७९. आई गेल्यापासून घरात ते एकटेच असतात. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी आठला येतात, पण आप्पा उठतात पहाटे साडेचारला, आणि उठल्यावर अर्ध्या तासात चहा मिळाला नाही तर त्यांचा दिवसच सुरू होत नाही. हा चहा ते स्वतः गॅसवर करतात. गेल्या महिनाभरात दोनदा असे झाले की आधण ठेवून ते पूजेची फुले काढायला अंगणात गेले आणि गॅस चालू असल्याचे विसरले. पहिल्या वेळी पातेले नुसते काळे पडले. दुसऱ्या वेळी पाणी पूर्ण आटले, साखर आणि चहापूड बुडाला जळाली, घरभर धूर झाला आणि शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाका मारल्या तेव्हा कुठे त्यांना आठवले.

ते जर्मनचे पातेले मी परवा पाहिले. आत साखरेचा काळा, काचेसारखा चकचकीत थर बसला आहे आणि एका बाजूने बूड फुगून वर आले आहे. ते हातात घेतल्यापासून मला रात्री नीट झोप लागत नाही. साताऱ्याहून सांगली म्हणजे अडीच-तीन तासांचा रस्ता; पहाटे पाचला फोन आला तरी मी काय करणार?

पुण्याचा भाऊ म्हणतो की विजेची केटली घेऊन दे, ती आपोआप बंद होते. आप्पांचे म्हणणे असे की केटलीतला चहा म्हणजे रेल्वेतला चहा, त्याला चव नसते. त्यांना लागतो आले घालून खळखळ उकळलेला, दूध घालून पुन्हा एक उकळी आणलेला चहा. मी स्वतः केटली कधी वापरलेली नाही. त्यात दूध घातलेले चालते का, आपोआप बंद होते म्हणजे नक्की कशी होते, त्यावर किती विसंबावे, आणि घराचे वायरिंग जुने असल्यामुळे त्याला ती पेलेल का, हे मला खरेदी करण्यापूर्वी समजून घ्यायचे आहे. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस केटली वापरते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षिका (वाई)

तुमची काळजी मला नीट समजते, कारण माझ्या सासूबाई ८३ वर्षांच्या होत्या तेव्हा आम्हीही याच कारणासाठी केटली आणली होती. माझे मत आधीच सांगते: केटली अवश्य घ्या, पण ती पाणी तापवण्याचे साधन म्हणून घ्या, चहा उकळण्याचे भांडे म्हणून नव्हे. हा फरक घरातल्या सगळ्यांना पटला तर केटली टिकते आणि तुमचा हेतूही साधतो.

आता ती बंद कशी होते ते सांगते. पाणी उकळले की वाफ आतल्या वरच्या भागातील छिद्रांतून मुठीतल्या पोकळीत उतरते आणि खटक्याजवळ बसवलेल्या एका छोट्या पट्टीवर पोहोचते. ही पट्टी दोन वेगळ्या धातूंची एकमेकांवर चिकटवलेली असते. तापल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि खटका खाली पडतो. म्हणजे केटली ठरावीक अंश मोजत नाही, ती वाफ ओळखते. म्हणूनच सुमारे १३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला, जिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तिथेही ती बरोबर बंद होते. पण झाकण उघडे राहिले तर वाफ वरच्या वर निघून जाते, पट्टीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही आणि पाणी उकळतच राहते. शेवटी पाणी संपले की बुडाशी असलेला दुसरा संरक्षक खटका वीज तोडतो. हा दुसरा खटका अडीनडीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. त्यामुळे आप्पांना एकच गोष्ट शिकवायची झाली तर ती म्हणजे झाकण ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबणे.

दूध आत घालू नये याचे कारणही यातच आहे. दुधातील प्रथिने तापलेल्या बुडाला चिकटतात आणि करपतात. वर साय धरते, साईखाली वाफ कोंडते आणि दूध फेसाळून तोटीतून उतू जाते. हा फेस वाफेच्या छिद्रांत जाऊन वाळला की वाट बुजते आणि आपोआप बंद होण्याची जी सोय पाहून आपण केटली घेतली तीच निकामी होते. दूध तापवता येईल अशा रुंद तोंडाच्या, तापमान कमी-जास्त करता येणाऱ्या वेगळ्या केटल्या मिळतात, पण त्यांतही दुधावर लक्ष ठेवावेच लागते, आणि तुमची अडचण तर लक्ष राहत नाही हीच आहे.

मग चहा कसा करायचा? साध्या स्टीलच्या केटलीत साधारण अर्धा लिटर ही कमीत कमी पाण्याची खूण असते आणि एका कपासाठी ते पाणी जास्त होते. आम्ही ते जास्तीचे पाणी कामाला लावले. एका स्टीलच्या भांड्यात चहापूड, साखर आणि ठेचलेले आले घालून ठेवायचे. शेजारी एका खोलगट वाडग्यात दुधाचा स्टीलचा पेला ठेवायचा. पाणी उकळले की आधी कपभर पाणी चहापुडीवर ओतून झाकण ठेवायचे आणि उरलेले सगळे पाणी वाडग्यात, पेल्याच्या भोवती ओतायचे. पाच मिनिटांत इकडे चहा मुरतो आणि तिकडे फ्रीजमधले दूध चांगले गरम होते. मग दोन्ही एकत्र करून गाळायचे. थंड दूध थेट घातले तर चहा कोमट होतो आणि मग लोक केटलीला नावे ठेवतात. दूध मात्र आदल्या दिवशी उकळून फ्रीजमध्ये ठेवलेले असावे. गवळ्याचे कच्चे दूध नुसते असे गरम करून घेऊ नये, आणि रात्रीच तापवून थर्मासमध्ये भरूनही ठेवू नये, कारण कोमट दूध पहाटेपर्यंत नासण्याची शक्यता फार असते.

चहाच्या दुकानातून ममरी न आणता बारीक डस्ट किंवा फॅमिली मिक्श्चर आणा. मोठ्या दाण्याला रंग सोडायला उकळी लागते. बारीक पूड झाकून ठेवली तरी पाच मिनिटांत कडक उतरते. चव उकळलेल्या चहासारखी तंतोतंत लागणार नाही, हे आप्पांना आधीच सांगून टाका. माझ्या सासूबाईंना दहा-बारा दिवस लागले, मग त्या काही बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सवयीने केटली उचलली आणि पेटत्या गॅसवर ठेवली. बुडाचे प्लास्टिक वितळून बर्नरवर ओघळले. त्यात त्यांची चूक नव्हती. साठ वर्षे ज्या हाताने भांडे शेगडीवर ठेवले तो हात एका दिवसात बदलत नाही. म्हणून केटली ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका. ती शक्य तर दुसऱ्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर ठेवा.

वायरमन (मिरज)

ताई, बाईंनी चहाचे सांगितले आहे, मी विजेचे सांगतो. गेली २२ वर्षे सांगली-मिरजेच्या जुन्या घरांतून काम करतो आहे, आणि केटलीपेक्षा केटली जिथे लावतात ते सॉकेट बिघडलेले मी जास्त पाहिले आहे.

साधी केटली १५०० वॉटची असते. २३० व्होल्टला ती साडेसहा अँपिअर ओढते. पंखा-दिव्याच्या बोर्डावरचे छोटे सॉकेट ६ अँपिअरचे असते, म्हणून केटलीला १६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे. जाड पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवायला लोक कन्व्हर्टर लावतात किंवा एक्स्टेन्शन बोर्ड ओढतात. तसे अजिबात करू नका. सैल सॉकेटमध्ये पिन तापते, सॉकेट आतून पिवळे, मग काळे पडते, आणि एक दिवस तिथेच ठिणगी पडते. बाईंनी टेबलावर ठेवायला सांगितले ते बरोबर आहे, पण टेबलाजवळ पॉवर पॉइंट नसेल तर मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र ओढून तो करून घ्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

घर जुने आहे म्हणता, तेव्हा चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असतील. ते काढून एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, बसवा आणि त्यासोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी घ्या. ओल्या हाताने केटली धरली आणि आत कुठे गळती असली तर ती क्षणात वीज तोडते. वयस्कर माणसाच्या घरात केटली असो वा नसो, हा खर्च करावाच, असे माझे ठाम मत आहे. अर्थिंगही तपासून घ्या. तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण मागे अर्थची वायरच जोडलेली नाही, अशी घरे मला दर महिन्याला सापडतात.

इन्व्हर्टरवर केटली चालवायचा प्रयत्न करू नका. घरातला आठशे-नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर १५०० वॉट उचलू शकत नाही. बिलाची चिंता मात्र करू नका. अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण ०.०५ युनिट लागते. दिवसातून तीनदा केले तरी महिन्याला पाच युनिटच्या आत राहते. युनिट दहा रुपये धरले तर ५० रुपये झाले. गॅसवर तेवढेच पाणी उकळायलाही जवळपास तेवढेच पैसे जातात, त्यामुळे पैशांवरून निर्णय करण्यासारखे यात काही नाही.

कोयनाकाठ (कराड)

वरील दोघांचा अनुभव मान्य करूनही मला वेगळे सुचवावेसे वाटते. आप्पांची तक्रार चवीची आहे, आणि चव हवी तर चहा उकळलाच पाहिजे. मग केटलीऐवजी इंडक्शन शेगडी का घेऊ नये? तिच्यावर सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात नेहमीसारखा दूध घालून चहा होतो, ज्वाला नसते, दहा मिनिटांचा टायमर लावला की ती आपोआप बंद होते आणि भांडे उचलले तरी थांबते. माझे वडील चार वर्षे तिच्यावरच चहा करत आहेत. वाडगा, पेला, झाकण एवढी मांडामांड पहाटे साडेचारला ७९ वर्षांच्या माणसाकडून रोज होईल, असे मला वाटत नाही.

निवृत्त शिक्षिका (वाई)

मांडामांडीचा मुद्दा रास्त आहे. आमच्याकडे भांडे आणि वाडगा रात्रीच मांडून ठेवलेले असायचे. पहाटे फक्त पाणी आणि दूध घ्यायचे. पण इंडक्शनचा टायमर प्रत्येक वेळी आठवणीने लावावा लागतो. जो माणूस गॅस बंद करायला विसरतो तो टायमर लावायलाही विसरू शकतो, आणि मग दूध उतू जाऊन काचेवर पसरते. केटलीत विसरण्यासारखे काही उरत नाही, कारण बंद करणे हे तिचे कामच आहे. दुसरे असे की आप्पांना पेसमेकर बसवलेला असेल तर इंडक्शनचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अशा व्यक्तींनी चालू शेगडीपासून साधारण दोन फूट अंतर राखावे असे सांगितले जाते, आणि चहा ढवळताना तेवढे लांब राहता येत नाही.

गोडोलीची लेक (सातारा)

बाई, आप्पांना पेसमेकर आहे, आणि मी तो मूळ प्रश्नात लिहायला हवा होता. म्हणजे इंडक्शनचा प्रश्न मिटला. कोयनाकाठ यांनी कळकळीने सुचवले त्याबद्दल त्यांची आभारी आहे.

माणदेशी (आटपाडी)

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, ती म्हणजे पाणी. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. केटली आणल्यावर महिन्याभरात बुडाला पांढरा थर बसला, आणि तीन महिन्यांत त्याचे खवले सुटून चहाच्या कपात दिसू लागले. हे क्षार पोटाला घातक नसतात, पण थर जाड झाला की बुडाची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, बूड जास्त तापते आणि पाणी असतानाही तो बुडाचा संरक्षक खटका मध्येच वीज तोडतो. आम्ही केटली बिघडली समजून दुरुस्तीला नेली होती. दुकानदाराने दोन चमचे लिंबूसत्त्व घालून अर्धा लिटर पाणी उकळले, अर्धा तास तसेच ठेवले आणि बूड पुन्हा आरशासारखे लख्ख झाले. तेव्हापासून आम्ही दर पंधरा दिवसांनी हे करतो. तारेच्या घासणीने मात्र खरवडू नये. सांगलीत कृष्णेचे पाणी भरत असाल तर इतका त्रास होणार नाही, पण घरात बोअर असेल तर आप्पा कोणत्या नळाचे पाणी घेतात हे पाहून ठेवा.

शेतीपंप सुरू असताना आमच्याकडे व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. अशा वेळी १५०० वॉटची केटली नऊशे वॉटच्या आसपासच काम करते, कारण व्होल्टेज घटले की ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. दोन मिनिटांत उकळणारे पाणी तीन-साडेतीन मिनिटे घेते. केटली नादुरुस्त झाली असे समजून कोणी झाकण उघडून पाहू नये, वाफ एकदम हातावर येते.

गोडोलीची लेक (सातारा)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आम्ही केटली घेतली. सांगलीत मारुती रोडला दुकानात आप्पांना सोबत नेले आणि पाणी भरून त्यांच्या हातात देऊन पाहिली. दीड लिटरची केटली पूर्ण भरली की त्यांचा हात थरथरतो, पण अर्धा लिटर पाण्याला काही अडचण येत नाही. आतली खूण त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून घरातला एक छोटा तांब्या मोजून ठेवला आहे. तो काठोकाठ भरला की साधारण सहाशे मिलिलिटर होतात. एक तांब्या म्हणजे एक चहा, एवढेच त्यांनी लक्षात ठेवायचे. पाणी कृष्णेचेच, पिण्याच्या माठातले घेतात. बोअरच्या नळाला मी निळी चिंधी बांधून ठेवली आहे.

वायरमन दादांनी लिहिल्याप्रमाणे बोर्ड तपासून घेतला. अर्थची वायर खरोखरच जोडलेली नव्हती. आता जेवणाच्या टेबलाजवळ स्वतंत्र पॉइंट, एमसीबी आणि आरसीसीबी बसवली आहे, आणि केटलीसाठी विचारायला आले नसते तर हे आणखी किती वर्षे तसेच राहिले असते, या विचाराने अंगावर काटा येतो. मावशी संध्याकाळी जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करून जातात आणि सकाळी आल्यावर उघडतात, त्यामुळे सवयीने लायटर हातात घेतला तरी काही पेटत नाही. पहिल्या आठवड्यात आप्पांनी दोनदा लायटर ओढून पाहिला, असे त्यांनी स्वतःच फोनवर सांगितले. पहाटे वीज नसेल तर सहा वाजता शेजारच्या काकूंकडे चहा घ्यायचा, असे ठरले आहे.

चहा पहिले काही दिवस त्यांना पातळ वाटला. ममरी बदलून डस्ट आणली आणि पाच मिनिटांऐवजी सात मिनिटे मुरू दिला, तेव्हा तक्रार थांबली. आधण ठेवून फुले काढायला जायची सवय तशीच आहे, पण आता ते परत येईपर्यंत चहा मुरलेला असतो आणि वाडग्यात दूध गरम झालेले असते. बाई, त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितले आहे. पहाटे खलबत्त्याचा आवाज नको म्हणून आले रात्रीच ठेचून ठेवले तर चालेल का?

निवृत्त शिक्षिका (वाई)

रात्री ठेचलेले आले पहाटेपर्यंत वाळते आणि त्याचा वास उडतो. त्याऐवजी पहाटे बारीक किसणीवर किसून घ्यावे, आवाज होत नाही आणि किसलेल्या आल्याचा रस उकळत्या पाण्यात लवकर उतरतो. किसताना बोटे सांभाळता येत नसतील तर चिमूटभर सुंठपूड चहापुडीतच मिसळून ठेवावी.